धूर खंय जातलो?

समस्त गावाला कळवण्यात येते, की आमच्या न्हाणीत गॅसचा गिझर येत असून चुलीवर पाणी तापवणाऱ्या भाणाचे राज्य संपले आहे.

तो बसवायला कट्टा गावाहून आलेला मिस्त्री खाली मान घालून बोलायचा, बायकांसमोर तर मुकाच. कुठेही गेला तरी त्याचा प्रश्न एकच : "धूर खंय जातलो?" चहाच्या हॉटेलातही धूर कुठे जाणार, हे त्याला विचारताना मी ऐकले आहे.

न्हाणीचे दार लावून त्याने उदबत्ती पेटवली. धूर छताशी घुटमळत राहिला. मग त्याने भिंतीतून गिझरचा पाइप बाहेर काढला, दाराला खाली जाळी बसवली आणि खिडकीची काच उतरवायला घेतली.

"काच रवांदे रे," मी म्हटले.

"भाणाचो धूर डोळ्यांक झोंबता, माणूस भायर पळता. ह्या गॅसचो दिसणाच नाय. माणूस थंयच आडवो पडता."

बायको पुढे झाली. "आणि समोरच्या माडार नारळ पाडूक चढलेलो पाडेली माका बघतलो, त्येचा काय?"

मिस्त्रीने काच काखेत मारली. कान लाल झाले, पण हटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून म्हणाला,

"बघांदे, वयनी! जित्या माणसाक तरी बघतलो!"