पाटीवरचं नाव

बिदरच्या बाहेर, कमठाण्याच्या वाटेवर आमची लुथरन सेमिनरी होती. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला तीन-चार वर्षं झाली होती. पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, व्हायला आलेले आम्ही चौदा जण. कुणी मराठी, कुणी कानडी, कुणी तेलुगू. पहाटे घंटा झाली की तोंडावर पाणी मारून चॅपलात जायचं. प्रभूची प्रार्थना ज्यानं त्यानं आपल्या भाषेत म्हणायची. तेलुगूवाल्यांचं आमेन नेहमी सगळ्यांच्या मागून यायचं, आणि आम्ही मराठी पोरं एक डोळा उघडून त्यांची वाट बघत बसायचो.

चॅपलच्या दाराशी एक पाटी टांगलेली असे. तिच्यावर आजाऱ्यांची नावं. ज्याची पाळी असेल त्यानं ती वाचायची आणि सगळ्यांनी एकेकासाठी प्रार्थना करायची. माणूस बरं झालं किंवा गेलं, की ज्यानं नाव लिहिलं त्यानंच ते पुसायचं. मेलेल्यांसाठी आपण प्रार्थना करत नाही, ते देवाच्या हाती गेले, असं आमच्या मुख्य गुरुजींनी शिकवलं होतं. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं.

गावाकडं औरादला माझे वडील, अप्पा, आजारी होते. त्यांचं नाव महिनाभर पाटीवर होतं. मग थोरल्या भावाचं, अण्णाचं, कार्ड आलं. अप्पा गेले, माती झाली, आता येऊन काय करतोस, परीक्षा दे. कार्ड मी तासाला बसल्या बसल्या वाचलं, वहीत घातलं आणि पुढचं टिपण उतरून घेतलं. मला काहीच वाटेना. रडू यावं म्हणून अप्पांचा चेहरा आठवून पाहिला, तर डोळ्यांपुढं नुसते त्यांचे भेगाळलेले पाय आले. ह्याची मात्र लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पाटीपुढं उभा राहिलो. हात काही वर गेला नाही. नाव पुसलं की सगळे सांत्वनाला येणार, आणि मी आपला कोरडा ठणठणीत. शिवाय नाव आहे तोवर अप्पा औरादला खाटेवर पडलेत असं धरून चालता येत होतं. मी तसाच आत गेलो. आठ दिवस सगळं चॅपल एका मेलेल्या माणसाला बरं कर म्हणून देवाला विनवत होतं, आणि वर्गात पहिला येणारा हा शहाणा सगळ्यांबरोबर आमेन म्हणत होता.

नवव्या दिवशी नावं वाचायची पाळी माझी होती. अप्पांचंही वाचलं. आवाजसुद्धा हलला नाही.

त्या दुपारी आमच्या स्वयंपाकीण अक्काला भाकरी थापता थापता चक्कर आली. कमठाण्याची विधवा बाई, आम्हा सगळ्यांना लेकरांसारखं धाकात ठेवणारी. मी पाण्याचा तांब्या दिला आणि सकाळी काही खाल्लं का म्हणून विचारलं.

"सकाळची भाकर सोडलीय मी."

"कामून?"

"तुझ्या अप्पासाठी. पाटीवर नाव आलं त्या दिवसापासून. तू तर काहीच बोलंना गेलास."

मग मी सांगितलं, "अक्का, अप्पा गेले. कार्ड येऊन नऊ दिवस झाले."

तिनं चार शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. तिनं फक्त माती कुणी दिली ते विचारलं. अण्णानं दिली, म्हणालो. तिनं पदराला हात पुसले, तव्यावरची भाकरी काढली, तिच्यावर चटणी घेतली.

"मंग आता जेवते," ती म्हणाली.

ती तिथंच चुलीपुढं बसून सावकाश जेवू लागली. तिला घास घेताना पाहिलं, आणि अप्पा गेले हे मला तेव्हा कळलं.