आवाज वगळून

माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्या घरात फोन वाजला तर तो माझ्यासाठी, बेल वाजली तर ती माझ्यासाठी, आणि डॉक्टर, गॅसवाला, शेजारच्या काकू यांच्याशी आईचं जे काही बोलणं होई ते माझ्या तोंडून. आई हातांनी बोलायची, मी ते मराठीत सांगायचे. या कामाचा मला लहानपणापासून भलताच तोरा होता. आईचं म्हणणं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, हे मी न विचारता कुणालाही सांगत असे.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली असतील. मी बेलापूरला नोकरीला लागले होते, ऑफिसनं लॅपटॉप दिला होता आणि नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. अशातच एका शुक्रवारी अमेरिकेतून एका मुलाची ईमेल आली. आईच्या शाळेतल्या मैत्रिणीचा हा मुलगा. कर्णबधिरांच्या शाळेच्या वसतिगृहात या दोघी दहा वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. मैत्रिणीला आमच्या घरात नाव नव्हतं. आईनं हनुवटीवर बोट टेकवलं की ती, कारण तिथे तिला तीळ आहे. लग्न होऊन ती तिकडे गेली आणि त्यानंतर अठरा वर्षं भेट नाही. दिवाळीच्या एका भेटकार्डावर मी माझा ईमेलचा पत्ता लिहिला होता, तेवढ्यावर पोरानं आम्हाला गाठलं.

ईमेलला अर्ध्या मिनिटाची व्हिडीओ क्लिप जोडलेली होती. मी ती उघडली आणि आईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. पडद्यावर एक जाडसर, केस पिकलेली बाई सावकाश हात हलवत म्हणाली, "ओळखलंस? म्हातारी झाले. तू पत्र लिहिणं का सोडलंस? माझ्यावर रागावलीस?"

आई उभीच राहिली. मग तिनं पडद्यावरच्या त्या हनुवटीला बोट लावलं. क्लिप आम्ही किती वेळा पाहिली, त्याचा हिशेब नाही. रात्रीची भाकरी मी केली, यावरून काय ते समजा.

राग वगैरे काही नव्हता. आईला लिहिलेलं मराठी नीट जमत नसे. तिची पत्रं मी सुधारून लिहायचे, तिकडून मैत्रिणीची पत्रं तिचा नवरा सुधारायचा. शेवटी असं झालं, की मी आणि तो नवरा एकमेकांना पत्रं लिहितो आहोत आणि या दोघी नुसत्या सही करताहेत. आईला त्याची लाज वाटू लागली आणि तिनं लिहिणं सोडलं. हे तिनं मला त्या रात्री सांगितलं. आणि मग म्हणाली, मला उद्याच उत्तर द्यायचं आहे, असंच, हातांनी.

कॅमेरा होता मामाकडे. विचुंब्याचा माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, हळदी-लग्नांचं शूटिंग करायचा. शनिवारी सकाळी तो छोट्या कॅसेटचा डिजिटल कॅमकॉर्डर घेऊन हजर झाला. संध्याकाळी त्याला एका हळदीला जायचं होतं, म्हणजे आमच्याकडे वेळ चार वाजेपर्यंतच. मामा आईशी आजही ओरडून बोलतो. तिला ऐकू येत नाही हे त्याला पन्नास वर्षांत पटलेलं नाही.

"ताई, इकरं बघ," असं ओरडत त्यानं आईला सोफ्यावर बसवलं आणि दहा मिनिटं शूट केलं. मी बाजूला उभी राहून आईचे हात बघत होते आणि माझे डोळे भरून येत होते. काय सुंदर बोलली ती.

आता ते लॅपटॉपमध्ये घालायचं. मामाच्या बॅगेतली यूएसबी केबल लावली. कॅमेरा दिसला, फोल्डर उघडलं, आणि आत निघाले मामानं काढलेले बैलाचे अकरा फोटो. कॅसेटवरचं काही येईना. मी सगळी बटणं दाबली, मामानं कॅमेऱ्याला दोन चापट्या मारल्या. शेवटी माहितीपुस्तिकेत सापडलं, की या केबलमधून फक्त कार्डावरचे फोटो जातात, कॅसेटच्या व्हिडीओला फायरवायर नावाची वेगळी केबल लागते. लॅपटॉपच्या डाव्या अंगाला तिचं एक बारीकसं भोक होतं. ते कशासाठी दिलंय, असा विचार मी कधी केला नव्हता.

मी स्कूटर काढली आणि टपाल नाक्यावरच्या एका स्टुडिओत गेले. मालकाला सगळी हकीकत सांगितली. आईला ऐकू येत नाही, मैत्रीण अमेरिकेत, अठरा वर्षं, मामा, बैल. बिचाऱ्यानं मध्येच हात वर करून मला थांबवलं आणि स्वतःच्या कॉम्प्युटरची केबल काढून दिली.

घरी येऊन ती लावली. कॅमेरा चालू केला आणि लॅपटॉपवर खिडकी उघडली, 'डिजिटल व्हिडीओ डिव्हाइस सापडले'. मी अशी किंचाळले की मामा दचकला. कॅसेट जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ ती लॅपटॉपमध्ये उतरायला लागते, त्यामुळे आम्ही तिघं समोर बसून बघायला लागलो.

पडद्यावर आईचं तोंड दिसलं. नुसतं तोंड, कपाळापासून गळ्यापर्यंत. कधी खालून चार बोटं वर यायची आणि गायब व्हायची. बाकी सगळं बोलणं पडद्याच्या खाली, आमच्या सोफ्यावरच राहून गेलं होतं.

मी मामाकडे बघितलं. तो म्हणाला, "असं काय बघतेस बाय? हलदीत कुनाचं तोंड नीट दिसलं नाय तर लोक महिनाभर बोलत नाय. हात कोन बघतं?"

आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "माझ्या तोंडात बोळा कोंबून मला बोलायला लावलंस," असं ती म्हणाली, आणि मी ते मामाला मोठ्या आनंदानं ऐकवलं. पण खरं सांगायचं तर लाज मलाच वाटली. तिचे हात बघत मी तिथंच तर उभी होते, कॅमेऱ्यात काय येतंय ते एकदाही पाहिलं नव्हतं.

मग सूत्रं आईनं हातात घेतली. फुलाफुलांची साडी बदलून तिनं गडद निळी नेसली, म्हणजे हात उठून दिसतील. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. इस्त्रीच्या टेबलावर कॅमेरा ठेवला, स्वतः छोट्या पडद्यात वाकून बघितलं, आणि मला आणि मामाला खोलीबाहेर काढून दार लावून घेतलं. मला बाहेर काढलं. मी दाराबाहेर फणफणत उभी राहिले.

अर्ध्या तासानं दार उघडलं. आईचे कान लाल झाले होते आणि ती दमली होती. मी कॅसेट उतरवून घेतली. या वेळी हात होते, डोक्याच्या वरपासून कमरेपर्यंत सगळे. सुरुवात मला स्वच्छ कळली: राग नाही, लाज वाटायची, आता दर महिन्याला बोलू. नंतर मात्र हातांनी असा वेग घेतला, की माझी धांदल उडाली. मला वाटलं, घाईत बघतेय म्हणून.

चारला मामा कॅमेरा घेऊन गेला. आता प्रश्न फाईलच्या आकाराचा. ईमेलनं एवढं मोठं धूड जाणार नव्हतं. 'ईमेलसाठी लहान करा' असा पर्याय होता, तो निवडला. फाईल झाली चिमुकली, पण आईला दाखवली तर तिनं कपाळाला आठ्या घातल्या. हात सरकण्याऐवजी उड्या मारत होते, मधली बोटं विरघळलेली. "ही कोण बोलतेय? दारू प्यायलेली?" तिनं विचारलं.

मी पुन्हा लहान केली, पुन्हा तेच. चित्र मोठं केलं की फाईल फुगे, फाईल दाबली की बोटं जात. आई शेजारी बसून प्रत्येक वेळी मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावरची उमेद उतरायला लागली आणि मला रडू येईल असं वाटलं. मग मी चिडून सेटिंगचं पान उघडलं आणि एकेक ओळ वाचत गेले. तिथे लिहिलं होतं, आवाजाचा दर्जा उत्तम. म्हणजे आईची बोटं कापून तो शहाणा प्रोग्रॅम आमच्या कुकरच्या शिट्ट्या आणि दाराबाहेरची माझी बडबड प्राणपणानं जपत होता.

मी आवाज पूर्ण काढून टाकला. चित्र तळहाताएवढं लहान केलं, पण दर सेकंदाच्या चौकटी, म्हणजे फ्रेम, सगळ्या ठेवल्या, म्हणजे हात उड्या मारणार नाहीत. व्हिडीओचे तीन तुकडे केले. पहिला आईला दाखवला. तिनं नाक पडद्याला लावून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकू आलं."

तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, मोडेम बंद. वीज आल्यावर तिन्ही तुकडे ईमेलनं रवाना झाले तेव्हा आम्ही दोघी लहान मुलींसारख्या सोफ्यावर उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन बघून गेल्या.

सोमवारी सकाळी मुलाचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, की त्याच्या आईला सगळं समजलं, राग नव्हता हेही समजलं. पहिले दोन तुकडे बघून ती रडली. पण तिसरा तुकडा बघून ती जी हसत सुटली, ती पोट धरून जमिनीवर बसली, आणि का ते सांगायला तयार नाही. शेवटी त्यानं लिहिलं होतं, "मला वाटायचं आईची सगळी भाषा मला येते, पण यातलं मला काहीच कळलं नाही. तुला नक्की माहीत असेल, तू सांग."

मी तिसरा तुकडा काढला आणि नीट, थांबवून थांबवून बघितला. आई त्यात वसतिगृहातल्या सोळा वर्षांच्या मुलीसारखी बोलत होती. त्या खुणा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. एकही. मी तिला जाऊन विचारलं, यात तू काय म्हणालीस? तिनं पोळीवरून नजर उचलली, गालातल्या गालात हसली आणि म्हणाली, "तू तेव्हा नव्हतीस."

क्षणभर मला झोंबलं, खोटं कशाला सांगू. आणि मग, आईचं माझ्या तोंडून न जाणारं असंही बोलणं आहे, याचा इतका आनंद झाला की मी तशीच धावत जाऊन त्या मुलाला कळवलं, मलाही काही कळलं नाही, आणि त्या दोघी आपल्याला सांगणार नाहीत.