कडू घास

आई गेली त्या दिवशी स्मशानातून घरी आलो, अंघोळ केली आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसलो. जामखेडकडच्या आमच्या गावात मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भाऊबंद पिठलं-भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. बोलणं-चालणं बंद असलं तरी हा घास चुकवायचा नाही, अशी रीत.

माझं बोलणं बंद होतं ते शेजारच्या चुलत वहिनींशी. शेताच्या बांधावरून मी त्यांच्या नवऱ्यावर, माझ्या चुलतभावावर, दावा लावलेला. तो चालू असतानाच भाऊ वारला. आईनं मला नगरला फोन केला, “भाकरी घिऊन जाते रे तिकडं.” मी म्हणालो, “त्यांच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही.” वकिलानं तसं सांगितलं होतं, असंही नाही. माझा राग होता, बस. आई गेली नाही. मीही मातीला आलो नाही. कंपनीत सुट्टी मिळाली नाही म्हणालो. मागितलीच नव्हती.

आणि आता त्याच वहिनी डोक्यावर पाटी घेऊन दारात. त्यांनी ताट वाढून माझ्यापुढं सरकवलं.

“जेवा, भावजी.”

“भूक नाही.”

“मग कोर्टात भांडायला ताकद कुठनं आनायची? का तिथंबी मीच धरून उभं करू तुमाला?”

रडून दमलेल्या बायकांतून कुणीतरी फिसकन हसलं. मी खालच्या आवाजात म्हणालो, “वहिनी, भाऊ गेला तेव्हा आई निघाली होती तुमच्याकडं. मीच अडवलं.”

“ठाऊक हाय. त्या दिवशी तुमच्याबी घरातनं धूर निघाला न्हाई. मी बगितलं हुतं. आत्याबाई तशाच उपाशी बसल्या.” मग ताट अजून जवळ सरकवत म्हणाल्या, “खा आता, गार व्हायलंय.”

मी खाल्लं. प्रत्येक घास पाण्याबरोबर उतरवला.

सोसायटीच्या गणपतीत मी दरवर्षी आपली संस्कृती, आपली मूल्यं यावर बोलतो. लोक टाळ्याही वाजवतात. मला वाटायचं, माणूस चांगला असला की मूल्यं पाळतो. आता वाटतं, रीत असते ती मन चांगलं नसलेल्या दिवसासाठी. आत राग असला तरी हातांनी काय करायचं, ते तिनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. वहिनींच्या मनात माझ्याबद्दल काय होतं, देव जाणे. भाकरी मात्र आली. आईचे हात तर मीच बांधून ठेवले, आणि ती उपाशी बसली हे मला ती गेल्यावर कळावं.

दावा मी अजून मागं घेतलेला नाही. रोज सकाळी वकिलाला फोन करायचं ठरवतो आणि कामाला लागतो. गावी गेलो की वहिनी चहा देतात, पाऊसपाण्याचं बोलतात, दाव्याचं काही विचारत नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं.