चिंतामणी पेठे कंप्यूटरवर उभे राहतात

कंप्यूटरवर कोणी उभं राहतं का, असं तुम्ही विचाराल. राहतं. चिंतामणी पेठे राहिले.

बदलापुरात मांजर्लीला राहणारे पेठे अंबरनाथच्या एका कारखान्याच्या प्लास्टिकच्या बादल्या विकत. बावीस वर्षं. विकायची तऱ्हा एकच. दुकानात शिरायचं, चपला काढायच्या, बादली उपडी घालायची आणि ऐंशी किलोंचा देह घेऊन तिच्यावर उभं राहायचं. "बघा, हूं नाही की चूं नाही!" कर्जतपर्यंतचे दुकानदार त्यांना बादलीवरच ओळखत. जमिनीवर दिसले की विचारत, "पेठे, आज बुटके का वाटता?"

त्र्याण्णव साली मालकांच्या, म्हणजे उल्हासनगरच्या लोकूमल शेठच्या डोक्यात कंप्यूटर शिरला. व्याह्यांकडे आला होता ना!

"साईं, आपल्या तीन सेल्समनना कंप्यूटर पाहिजे. कुठल्या दुकानात कधी जायचं, सगळं तो सांगणार. चिंतामणी, तू पसंद कर. चांगला निघाला तर तू सेल्सचा हेड. फालतू निघाला तर दिवाळीनंतर घरी बस."

घरी बस! पन्नाशी उलटलेल्या माणसाशी असं बोलतात?

"पण तुम्हाला त्यातलं काय कळतं?" बायकोनं, कुंदानं, विचारलं.

"वस्तू ती वस्तू. मजबुती बघायची," पेठे म्हणाले खरे, पण त्या दिवशी भाताला हात लावला नाही.

कंप्यूटर विकणारा पहिला टायवाला आला, इंग्रजीत तासभर बोलला. पेठ्यांनी एकच विचारलं, "यावर उभं राहिलं तर?" तो हसला. मग पेठे चपला काढायला लागलेले पाहून त्यानं वायरी गुंडाळल्या आणि चहा न घेताच गेला.

दुसरा बिचारा महिनाभरात एकही कंप्यूटर विकू शकला नव्हता. त्यानं टीव्ही टेबलावर ठेवला आणि खालचा आडवा डबा जमिनीवर मांडला. पेठे चढले. टीव्हीवरची हिरवी अक्षरं जागची हलली नाहीत.

"आता आतला प्रोग्राम. मोतीबाईंच्या दुकानात मंगळवारी गेलं तर काय होतं?"

प्रोग्रामनं नुसता पत्ता दाखवला.

"चुकलं. मंगळवारी त्यांचं मौन असतं. ऑर्डर कोण देणार?"

मौनाला रकानाच नव्हता. या दुसऱ्या टायवाल्यानं ते फोन नंबरच्या जागी घातलं. पेठ्यांनी कंप्यूटर पास केला.

मुहूर्ताला हार झाला, नारळ झाला. शेठनं विचारलं, "मजबूत आहे ना?"

"मी स्वतः उभा राहिलोय, शेठ!"

कशाला बोलले हो! शेठ एकशे दहा किलोंचे. बादल्यांच्या मालकाला असं ऐकवल्यावर तो मागे राहतो होय? बूट काढून चढले.

कर्रर्र झालं. अक्षरं गेली. शेठचा पाय डब्यात अडकला.

पेठ्यांना समोर दिवाळी दिसली, आणि दिवाळीनंतरचं घर. पण मोडणारे स्वतः शेठ, बोलणार कोणाला? त्यांनी पाय सोडवला, मोज्याला अडकलेली वायर काढली.

"बादली आण."

पेठ्यांनी उपडी घातली. शेठ चढले. एकदा हलकेच उडीही मारून पाहिली. बादली ढिम्म.

"चिंतामणी, आपला कंप्यूटर हाच."

दुसऱ्या दिवसापासून तीन बादल्या लागल्या. या आठवड्यात जायची दुकानं लालमध्ये, पुढच्या आठवड्यातली पिवळीत, बोलावलं तरच जायची निळीत. प्रत्येक दुकानाची एक चिठ्ठी. मोतीबाईंच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत मौन. आणि दारावर पाटी: कंप्यूटर विभाग, प्रमुख चि. पेठे.

मुहूर्ताच्या त्या संध्याकाळी पेठे घरी आले ते थेट मोरीत. बादली रिकामी केली, उपडी घातली.

"नोकरीचं काय झालं?" कुंदानं विचारलं.

"चढ."

"अहो, वेड लागलंय का?"

"चढ तर खरी."

त्यांचा हात धरून ती चढली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

"हूं नाही," पेठे म्हणाले.

"की चूं नाही," कुंदा म्हणाली, आणि खाली उतरून भात टाकायला गेली.