तोडून जोडणारा धम्मपाल

पडेगावात धम्मपाल साळवेबद्दल विचारलं तर लोक दोन गोष्टी सांगतात. एक, तो शेंद्र्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. दुसरी, घरी बसून तो रंगीत ठोकळे तोडतो आणि जोडतो. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीवरून वाद घालण्यात त्या माणसाची निम्मी जवानी गेली.

त्याचं म्हणणं असं, की दुकानात मिळतो तो रंगीत क्यूब तीन मितींचा. लांबी, रुंदी, उंची संपली की तो संपला. धम्मपालचं कोडं चार मितींचं. आता चौथी दिशा घरात काय, अख्ख्या मराठवाड्यात मावायची नाही. म्हणून कुणा डोकेबाज माणसानं तिची हातात धरता येईल अशी नक्कल बनवली. लोहचुंबकानं एकमेकांना चिकटणारे सोळा तुकडे, प्रत्येकावर चार रंग. त्यात एक वळण असं आहे, की कोड्याचे दोन अर्धे भाग सुटे करायचे, बाजू बदलायची आणि परत चिकटवायचे. हे नियमातलं वळण. पण बघणाऱ्याला एवढंच दिसतं, की गड्यानं कोडं मोडलं आणि परत लावलं.

शेजारचे कारभारी काका रोज ओट्यावरून विचारायचे, "काय धम्मपाल, आज तोडून जोडलं का?" आणि धम्मपाल रोज न चुकता चिडायचा. एकेक तुकडा उपसून रंग जुळवणं ही चोरी आहे, आपण तसलं काही करत नाही, असं तो घसा ताणून सांगायचा. त्याची माय, चंपाबाई, आत भाकरी थापता थापता हे भाषण ऐकायची. तिला चौथी दिशा कधी कळली नाही. तोडून जोडतो तो चोर, एवढं मात्र पक्कं कळलं.

असले वेडे जगभर आहेत आणि ते मधूनमधून इंटरनेटवर जमून कॅमेऱ्यासमोर शर्यत लावतात. येत्या रविवारी तशी शर्यत होती. दरवेळी धम्मपालचं नाव निकालाच्या तळाशी असायचं, जिथपर्यंत कुणी वाचतसुद्धा नाही. यंदा त्याला वरच्या दहांत यायचं होतं, बास. हात छान बसला होता. आता नाही तर कधीच नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

सोमवारी पहिल्या पाळीला निघण्याआधी त्यानं कोडं विस्कटून लोखंडी कपाटावर ठेवलं आणि संध्याकाळी येऊन सोडवायला बसला. सगळे रंग जागेवर आले, फक्त एक तुकडा जागच्या जागी फिरलेला राहिला. हे होऊच शकत नाही. नियमाच्या वळणांनी एकटा तुकडा असा फिरत नाही, हे त्याला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. म्हणजे घाईत आपल्याच हातून कुठंतरी नियमाबाहेरचं वळण गेलं.

झालं, चूक शोधायला लागला. विस्कटताना आणि सोडवताना तो मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. दोन्ही व्हिडिओ मागंपुढं करून पाहिले, वळण न् वळण तपासलं. एकही चूक नाही. मधल्या वेळात कॅमेरा बंद होता खरा, पण कपाटावर ठेवलेलं कोडं आपोआप कशाला हलतंय? परत विस्कटलं, परत सोडवलं, परत तोच तुकडा वाकडं तोंड करून बसलेला. तुकडा उपसून सरळ लावायला किती वेळ लागतो? पण तोडायचं नाही. ज्या गोष्टीवरून सगळ्या गल्लीशी भांडलो तीच करायची? त्यापेक्षा हात कलम केलेले बरे.

आठवडाभर हेच चाललं. सराव बुडाला. धम्मपालला स्वतःच्या बोटांचा राग यायला लागला. ताट पुढ्यात गार व्हायचं. मायनं काही विचारलं की खेकसायचा.

रविवारी दुपारी तो शर्यतीतून नाव काढून घ्यायला मोबाइल हातात घेऊन बसला, तेव्हा चंपाबाई पदराला हात पुसत दारात उभी राहिली.

"ते माह्या हातून पडलं व्हतं," ती म्हणाली. "सोमवारी, कपाट पुसताना. दोन-चार तुकडे सुटले, ते म्या गोळा करून लावले जसंच्या तसे. एक खाटंखाली गेलता, तो कसा व्हता तेवढं ध्यानात नाय राह्यलं."

धम्मपालला आधी अर्थच लागेना. मग लागला, आणि डोकं भणाणलं. अख्खा आठवडा! "मग सांगितलं का नाहीस, माय?"

"तूच म्हणतो ना, तोडून जोडतो तो चोर. मंग कोणत्या तोंडानं सांगू?"

तो यावर भांडला असता, पण भांडायचं कुणाशी? शब्द त्याचेच होते. त्यानं कोडं उचललं आणि मायच्या देखत सगळे सोळा तुकडे उपसले, रंगाला रंग लावत पुन्हा बसवले. बघता बघता झालं. इतक्या सोप्या कामासाठी आपण आठ दिवस जळत राहिलो, याची त्याला शर्यतीपेक्षा जास्त चीड आली.

शर्यतीत काय व्हायचं ते झालं. बोटांना आठवड्याभरात नवीनच खोड लागली होती. शेवटच्या तुकड्याशी ती आपोआप थबकायची, फिरलाय का बघायची. तुकडा सरळ होता, वेळ मात्र गेला. नाव पुन्हा तळाशी, ह्या खेपेला अगदी शेवटचं.

संध्याकाळी तो ओट्यावर येऊन बसला. कारभारी काका वाटच पाहत होते.

"काय धम्मपाल, आज तोडून जोडलं का?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"व्हय काका," धम्मपाल म्हणाला. "मीच तोडलं."

आत भाकरी थापायचा आवाज परत सुरू झाला.