जावेच्या पानातला गोडाचा डबा

रेणुका वजनकाट्यावर चढायला तयार नव्हती. चपला काढून झाल्या. पर्स खुर्चीवर ठेवली. केसांतली मोठी क्लिप काढून तीही माझ्या टेबलावर ठेवली. आणि मग काट्याकडे बघत नुसती उभी राहिली.

"अक्का, आज नको. पुढच्या वेळी बघू."

"क्लिपचं वजन उतरवलंस ना? मग चढ की आता."

एरवी ती हसली असती. आज हसली नाही.

मी डाएटिशियन आहे. बंगळुरात के. आर. पुरममधल्या एका क्लिनिकमध्ये बसते. मूल होत नाही म्हणून बायका तिथं उपचाराला येतात. वजन फार असेल तर औषधं नीट लागू पडत नाहीत, आणि दिवस राहिलेच तर पुढं बाईलाही त्रास होतो. म्हणून डॉक्टर मॅडम अशा बायकांना आधी माझ्याकडे धाडतात. लोकांना वाटतं, काय खाऊ नये ते सांगणं हे माझं काम. तेवढंच असतं तर दारावर एक पाटी लावून मी घरी बसले असते. खरं काम म्हणजे माणूस कधी आणि का खातो ते शोधून काढणं. ते सहजासहजी सापडत नाही, कारण बहुतेकांना ते स्वतःलाच ठाऊक नसतं.

रेणुका चिकपेटेत साड्यांच्या एका होलसेल दुकानात बिलांचं काम बघते. घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या बंगळुरातलंच. तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलो, असं तिच्या सासूबाई सांगतात. तिच्या मराठीत निम्मं कन्नड असतं. मी निपाणीची, त्यामुळे माझंही मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवण्यासारखं नाही. आम्ही एकमेकींच्या भाषेला नावं ठेवत नाही, म्हणून आमचं जमतं.

वय अडतिशीला आलेलं. मॅडमनी तिला वजनाचा एक आकडा दिला होता. त्याच्या खाली आलीस की त्या पाळीपासून इंजेक्शनं सुरू करू. या वयात बाईला थांबणं परवडत नाही, अंडी महिन्यागणिक कमी होत जातात. रेणुकानं कित्येक महिने नेटानं पथ्य पाळलं होतं. रोज संध्याकाळी घराच्या गच्चीवर फेऱ्या मारायची. दुकानात पेढे वाटले की आपला पेढा शेजारणीला द्यायची. आकडा आता अगदी हाताशी आला होता. पुढच्या आठवड्यात मॅडम शेवटचं वजन बघून ठरवणार होत्या.

अखेर ती चढली. काटा बराच वर गेला होता. तिनं डोळे मिटून घेतले.

मी "बस," म्हटलं, आणि रिकॉल सुरू केला. रिकॉल म्हणजे पेशंटनं काल सकाळपासून काय काय पोटात गेलं ते आठवून सांगायचं. ही पोलीस ठाण्यातली जबानी नाही, हे आधी पटवावं लागतं. नाहीतर सगळ्या बायका सकाळ-संध्याकाळ मुगाचं सूप प्यायलेल्या असतात.

"काल सकाळी?"

"लिंबूपाणी."

"मग?"

"काही नाही."

"दुपारी?"

"लिंबूपाणी. मग मॅजेस्टिकला मेट्रो बदलताना जिन्यावर चक्कर आली अक्का. तिथल्या सिक्युरिटीच्या बाईनं बसवलं, पाणी दिलं."

"आणि घरी गेल्यावर?"

ती आपल्या हातांकडे बघायला लागली. "फ्रिज उघडला."

"काय होतं फ्रिजमध्ये?"

"होळिगे. रव्याचे लाडू. कज्जाय." होळिगे म्हणजे पुरणपोळी, आणि कज्जाय म्हणजे साधारण आपले अनारसे. "उभ्या उभ्याच खाल्लं. ताट पण नाही घेतलं."

"परवा?"

"तस्संच. दिवसभर उपास, रात्री डबा."

त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, तिच्या जावेचं सीमंत होतं. आपण ज्याला डोहाळजेवण म्हणतो ते. धाकट्या दिराची बायको, दिव्या. लग्नाला अजून दोन वर्षंही नाहीत. केळीच्या पानावर पाच तऱ्हेचे भात: चित्रान्न, चिंचेचं पुळिओगरे, नारळाचा भात, गोड पोंगल, दहीभात, आणि वर गोडधोड. रेणुकानं सकाळपासून राबून सगळ्यांना वाढलं आणि शेवटच्या पंक्तीला ती जेवायला बसली.

"स्वल्प जास्तच झालं अक्का. पाचही भात खाल्ले. परत घेतले. पोट भरलं तरी हात थांबेना."

आमच्याकडे हे नेहमीचं आहे. माणूस एक दिवस भरपेट जेवतो. दुसऱ्या दिवशी घाबरून स्वतःला उपाशी ठेवतो. उपाशी पोट संध्याकाळी दामदुप्पट वसूल करतं. मग परत उपास. आमची म्हण काही उगाच नाही, एकादशी अन् दुप्पट खाशी. मी तिला समजावलं. काट्यावर जे चढलंय त्यात बरंचसं पाणी आहे. भात, मीठ, साखर एकदम पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की ते आपोआप उतरतं. रविवारच्या जेवणानं तुझं काही बुडालेलं नाही. बुडवतंय ते सोमवारचं लिंबूपाणी.

तिला थोडा धीर आलेला दिसला. म्हणून मी पुढचं सहज बोलून गेले.

"आणि तो डबा आजच्या आज कुणालातरी देऊन टाक. दुकानातल्या बायका आहेत की."

रेणुकाचा चेहरा पडला.

"तो देता येत नाही अक्का."

"का? सोन्याचा आहे?"

"दिव्याच्या पानातला आहे तो."

मग तिनं सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी, की सीमंताला गर्भिणीच्या पानात वाढलेल्या गोडातलं थोडं बाजूला काढतात, आणि घरात जिला मूल हवं आहे तिच्या पदरात घालतात. ते तिनं एकटीनं संपवायचं. टाकायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. मग तिचीही कूस उजवते. थोडं म्हणजे चिमूटभर असतं. पण सासूबाईंनी मोठा डबाच्या डबा भरून सुनेच्या पदरात ठेवला होता, सगळ्यांदेखत.

"अत्तेंनी किती आशेनं दिलाय तो," ती म्हणाली. अत्ते म्हणजे सासूबाई. "दुसऱ्या कुणाला दिलं तर ते तिकडंच जाईल ना? मी हे सगळं मानत नाही अक्का. मला ठाऊक आहे काही नसतं त्यात. पण फ्रिज उघडला की वाटतं, या लाडवानं होईल. तो संपला की वाटतं, पुढच्यानं होईल. मला बाळ हवं आहे हो. फार हवं आहे. लवकर संपवला तर लवकर होईल असं वाटतं."

आणि ती रडायला लागली. माझ्याकडे टिश्यूचा बॉक्स असतो, तो पुढं सरकवला. माझे स्वतःचे डोळे भरून आले होते, ते मी चष्मा पुसून लपवले. माझी मुलगी परदेशात आहे. तिचं डोहाळजेवण मी इथून व्हिडिओ कॉलवर केलं. ताट सजवून स्क्रीनसमोर धरलं, तिनं तिकडून तोंड उघडून दाखवलं. कॉल बंद झाल्यावर ते ताट समोर घेऊन मी कितीतरी वेळ बसून राहिले होते. त्यामुळे ज्याच्या तोंडी घास जायला हवा तिथं तो पोचत नाही म्हणजे काय, हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही.

पण रडून वजन उतरत नाही, आणि मला उत्तर काढायचं होतं. डबा टाक म्हटलं असतं तर रेणुकानं माझ्यासमोर मान हलवली असती आणि घरी जाऊन तो रात्रीत फस्त केला असता. म्हणून मी तिला दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन यायला सांगितलं.

मधल्या वेळात मॅडमना कल्पना देणं भाग होतं. त्या फाईल बघत होत्या.

"वजन एवढं का वाढलं?"

"घरी कार्यक्रम होता. पाणी आहे जास्त करून. उतरेल."

"घरात गोडाचा डबा आहे, असं लिहिलंय तुम्ही."

"आहे. तो मी प्लॅनमध्ये घालणार आहे."

मॅडमनी फाईल मिटली. "तुम्ही पेशंटला मिठाई लिहून देणार? इंजेक्शनांची सायकल सुरू करायच्या आधी?"

"चोरून खाते आहे त्यापेक्षा ताटात घेऊन खाल्लेली बरी."

"पुढच्या आठवड्यात आकडा नसेल तर मी पुढं ढकलणार. आणि ते का, हे तिला तुम्ही सांगायचं."

"सांगेन," मी म्हटलं.

सासूबाई आल्या त्या कडक इस्त्रीच्या सुती साडीत. ताठ बसल्या. मला वाटलं, आता रूढी-परंपरांवर माझी शाळा घेणार. मी आधीच नमतं घेतलं.

"आई, तुमच्या रीतीला मी काही म्हणत नाही. फक्त नीट समजून घ्यायचं आहे. डबा तिनंच संपवायचा ना?"

"तिनंच."

"कुणाला द्यायचा नाही?"

"अय्यो, नाहीच."

"किती दिवसांत?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सुनेकडे बघितलं.

"किती दिवसांत म्हणजे? त्याला कसली मुदत? संपवायचं, बस. मला घातलं होतं तेव्हा मी रोज कणभर तोंडात टाकून मग कामाला लागायची." आणि एकदम आवाज चढला. "तू काय एका दमात खाल्लंस काय ग?"

रेणुकानं मान खाली घातली.

"प्रसाद काय पोटभर खातात? मी डबा भरून दिला तो..." सासूबाई थांबल्या. ताठ पाठ जराशी वाकली. "चिमूटभर द्यायचं असतं. मला धीर निघेना. वाटलं, भरपूर दिलं तर भरपूर लागू पडेल. माझंच चुकलं."

सुनेनं त्यांचा हात धरला. रीतीत मुदत नव्हतीच. ती घातली होती या दोघींच्या घाईनं, एकीनं डबा गच्च भरून आणि दुसरीनं तो उपसून.

पुढचं सोपं होतं. उरलेलं सगळं छोट्या तुकड्यांत करून फ्रीजरमध्ये टाकायचं. रोज दुपारच्या जेवणानंतर, ताटात, बसून, एक तुकडा. रात्री नाही, उभ्यानं नाही. आणि लिंबूपाण्यावर राहायचं बंद. उद्या सकाळी उठून नेहमीच्या इडल्या, नेहमीचं सांबार, जणू काही झालंच नाही.

"नेहमीच्या? एवढं खाल्ल्यावर?" रेणुका घाबरून म्हणाली. "एक दिवस तरी उपास करते ना अक्का."

"उद्याचा नाश्ता चुकवलास तर मी स्वतः चिकपेटेत येऊन भरवीन."

"अत्ते भरवतील," ती म्हणाली. आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

आठवड्यानं ती आली. मॅडम स्वतः काट्याशी येऊन उभ्या राहिल्या. आकडा खाली आला होता, ठरलेल्या रेषेच्या जेमतेम आत. मॅडमनी दोनदा चढायला लावलं. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. या पाळीला सुरू." आणि माझ्याकडे न बघता केबिनमध्ये गेल्या. त्यांच्याकडून एवढी शाबासकी पुष्कळ झाली.

ही गोष्ट इथं संपली असती तर मला फार आवडलं असतं. पण तो उपचार यशस्वी झाला नाही. पहिल्या खेपेला पुष्कळदा होत नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी मी मुद्दाम फोन केला नाही. काय बोलणार होते? संध्याकाळी तिचाच आला.

"अक्का, निगेटिव्ह आलं."

"कळलं मला."

तिच्या मागं कुठंतरी कुकरची शिट्टी वाजली.

"आज खूप खाल्लं. यजमानांनी बिर्याणी आणली होती, सगळी मीच संपवली. वर आइसक्रीम." मग नाक ओढून म्हणाली, "उद्या सकाळी इडली करते. नेहमीची."

त्या इडलीच्या शब्दानं मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पेशंट आकड्याखाली आल्याचा आनंद मला पुष्कळ झाला आहे. हा त्यातला नव्हता, आणि हा त्याहून मोठा होता.

"आणि डबा?" मी विचारलं.

"एक कज्जाय उरलंय फ्रीजरमध्ये. मी आज तेही खायला काढलं होतं. अत्तेंनी हातातून घेतलं आणि परत आत ठेवलं. म्हणाल्या, राहू दे, त्याला मुदत नाही."

पुढच्या आठवड्यात ती तिच्या ठरलेल्या दिवशी आली. चपला काढल्या, पर्स खुर्चीवर ठेवली आणि सरळ काट्यावर चढली. क्लिप केसांतच होती.

धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच. भरपेट जेवल्यानं सहसा काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशीचा नाश्ता चुकवला की बिघडतं. एवढं मला शिकवता येतं. बाकी जे त्या फ्रीजरमध्ये आहे, त्याचा प्लॅन माझ्याकडे नाही.