पाणी पिण्याचा कार्यक्रम

१९५८ च्या उन्हाळ्यात केळापूर तालुक्यातल्या एका गावी एक मोठे पुढारी कौतिकाबाईच्या हातचे पाणी पिणार होते. ते प्याले नाहीत.

तो कार्यक्रम पाहायला मी यवतमाळहून मोटारीने पांढरकवड्याला उतरलो आणि पुढे खासरात (सामानाच्या बैलगाडीत) बसलो. गाडीवान त्या पुढाऱ्यांचा, म्हणजे साहेबांचा, भक्त निघाला. "साहेब बोलले का मानूस जागचा हालत नाही. मागच्या खेपी माह्या बैलानं बी मान वर केल्ती."

सभा गावविहिरीजवळ होती. कौतिकाबाईची वस्ती गावाबाहेर. तिथल्या लोकांनी नुकतीच बौद्ध दीक्षा घेतलेली. वस्तीतल्या बायका विहिरीपासून दूर उभ्या राहत आणि कोणी वरून ओतेल तेवढे पाणी नेत. त्या दिवशी मात्र पाटलांनी झेंडू बांधलेला नवा दोर स्वतः कौतिकाबाईच्या हाती दिला. टाळ्या पडल्या. तिने पाणी शेंदले.

साहेब तासभर समतेवर बोलले. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. "आजपासून ही विहीर सगळ्यांची," ते म्हणाले, आणि पारावरची मंडळी उभी राहिली. मग साहेबांनी त्या पाण्याचा पेला कपाळाला लावला, फोटो झाला, पेला खाली ठेवला. "साहेबांना गावचं पाणी सोसत नाही," असे सांगून चिटणीसांनी थर्मास उघडला. जीप गेली.

रात्री शाळेत मुक्काम केला. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी होती. सकाळी विहिरीवर गेलो, तर कौतिकाबाई गुंडी (पितळी घागर) घेऊन आलेली. पाटील दोर गुंडाळत होते.

"काहून आली वं, कौतिके? कार्यक्रम झाला ना काल."

"पान्याले आली, पाटील."

"तुह्या साहेबानं तं घोट बी नाही घेतला."

"त्यायले तहान नसन. आमाले हाय."

"दोर माह्या घरचा हाय."

"न्या मंग. विहीर तं नाही ना नेत?"

पाटील दोर घेऊन गेले. कौतिकाबाई घरी जाऊन बैलांची जुनी दावी गाठी मारून जोडून घेऊन आली. वस्तीतल्या बायका लांबून पाहत होत्या. पारावरचे कोणी उठले नाही. आदल्या दिवशी टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या. तिने गुंडी भरली.

पांढरकवड्याला पोचलो तेव्हा साहेबांनी ते पाणी प्याल्याचे वर्तमानपत्रात छापून आले होते. दोन दिवसांनी, यवतमाळला परतण्याआधी, कौतिकाबाई अजून पाणी भरते का हे पाहायला पुन्हा त्या गावी गेलो. विहिरीच्या कठड्यावर दोन दोर होते, एक पाटलांचा नवा, एक गाठींचा. दोन्ही ओले होते.